वाडीपर्यंतची तार

कोकणातल्या एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, नोंदवह्यांच्या कपाटाशेजारी, भिंतीवर एक लहानशी पेटी बसवली आहे. जमिनीतून आलेली इंटरनेटची काळी फायबर केबल तिच्यात शिरते. पेटीवरचा दिवा हिरवा असला की दाखले निघतात. तांबडा असला की माणसे छत्री टेकवून पडवीत बसून राहतात.

२०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, तेव्हा देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याचे ठरले. पुढे या योजनेला भारतनेट हे नाव मिळाले. घाटावरच्या दाट वस्तीच्या गावाला हे माप बरे बसते. कोकणातले गाव मात्र वाड्यांचे असते: एक वाडी खाडीकाठी, दुसरी व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, तिसरी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. त्यामुळे पंचायतीत तार पोहोचून कागदोपत्री गाव जोडले गेले, तरी टाळेबंदीत मुलांना रेंजसाठी सडाच चढावा लागला.

इतर देशांनी वेगळी मापे घेतली. फिनलंडने २०१० मध्ये सेकंदाला एक मेगाबिट वेगाची जोडणी हा प्रत्येक कायम निवासाचा कायदेशीर हक्क मानला. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये बहुतेक घरांपर्यंत फायबर नेण्याचे ठरवले; २०१३ मध्ये सरकार बदलले, तांब्याच्या जुन्या तारांवरच बरेचसे भागवायचे ठरले, आणि नंतर त्यांतल्या अनेक ठिकाणी पुन्हा फायबरकडेच वळावे लागले.

भारतनेटची सुरुवातीची मांडणी बरीचशी झाडाच्या फांदीसारखी होती. तालुक्याहून निघालेली केबल रस्त्याकडेने गावोगाव जाई, आणि मध्येच कुठे रुंदीकरणाच्या जेसीबीने जांभ्यासकट ती उखडली, की पुढची सगळी गावे एकदम बंद पडत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने झाडे आणि विजेचे खांब आडवे केले, तेव्हा वीज गेल्याने मोबाइलचे मनोरेही मुके झाले. तार शाबूत असून भागत नाही, हे त्या दिवसांत रायगड-रत्नागिरीला वेगळे सांगावे लागले नाही.

२०२३ च्या सुधारित आराखड्यात फांदीऐवजी वलय आले: एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचावा. पंचायतीचे कार्यालय नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांनाही जोडणी द्यायची आहे, मात्र मागणीनुसार. आमच्या मते खरी अडचण या एका शब्दात आहे, कारण वाडीतली निम्मी घरे कुलूपबंद असतात आणि त्यांचे चाकरमानी मुंबईत. मागणी मोजायला कोणी भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत आले, तर उत्तर एक मिळेल. आषाढात आले, तर दुसरेच.