एक मोसम, दोन विजेते: युरोपीय बास्केटबॉलचे २०००-०१ हे वर्ष

श्रोतेहो, युरोपातील पुरुषांच्या क्लब बास्केटबॉलच्या विजेत्यांची यादी पाहिली, तर १९५८ पासून २००० पर्यंत प्रत्येक वर्षापुढे एकच नाव आहे आणि २००२ पासून, स्पर्धा पूर्णच न झालेले २०२० सोडले तर, पुन्हा एकेकच नाव आहे. मधल्या २००१ या सालापुढे मात्र दोन नावे लिहावी लागतात. त्या वर्षी १० मे रोजी इटलीतील बोलोन्या शहराच्या किंडर संघाने युरोलीग जिंकली आणि तीनच दिवसांनी, १३ मे रोजी, पॅरिसमध्ये इस्राएलच्या माक्काबी तेल अवीवने सुप्रोलीग जिंकली. दोघेही युरोपचे विजेते ठरले, पण दोघांची एकमेकांशी गाठ पडली नाही. या मोसमाची हकीकत बहुधा दोन संघटनांच्या भांडणाची हकीकत म्हणून सांगितली जाते. ते भांडण मी सांगणारच आहे, पण मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती बोलोन्या आणि स्पेनमधील व्हिटोरिया या दोन शहरांत खेळली गेलेली पाच सामन्यांची अंतिम मालिका, कारण तशी मालिका या स्पर्धेत तेव्हा प्रथमच झाली आणि त्यानंतर कधीही झालेली नाही.

प्रथम पार्श्वभूमी. युरोपीय विजेत्या क्लबांची स्पर्धा ‘फिबा’ या जागतिक संघटनेने १९५८ साली सुरू केली आणि पहिली तीनही विजेतेपदे प्रशिक्षक अलेक्सांद्र गोमेल्स्की यांच्या रीगा येथील लष्करी क्लबाने मिळवली. पुढची कित्येक वर्षे क्लब खेळत राहिले आणि स्पर्धेची मालकी, तिचे प्रक्षेपण हक्क आणि तिच्याविषयीचे निर्णय फिबाकडे राहिले. खेळाडूंना फारसे पैसे मिळत नव्हते तोवर या व्यवस्थेविषयी कोणी विशेष तक्रार केली नाही. नव्वदच्या दशकात मात्र परिस्थिती पालटली. खासगी वाहिन्यांमुळे प्रक्षेपणाला किंमत आली. डिसेंबर १९९५ मधील युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालामुळे युरोपीय संघातील खेळाडूंना एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याची मोकळीक मिळाली आणि त्यांच्या मानधनाचे आकडे चढू लागले. शिवाय अमेरिकेतील एनबीएने युरोपातील उत्तम खेळाडू उचलायला सुरुवात केलेलीच होती. खर्च क्लबांच्या माथी आणि उत्पन्नाच्या चाव्या दुसऱ्याच्या हाती, ही अवस्था स्पेन आणि इटलीतील श्रीमंत क्लबांना मान्य होण्याजोगी नव्हती.

स्पेन, इटली आणि फ्रान्स येथील व्यावसायिक लीगांनी १९९१ साली ‘यूलेब’ ही संघटना स्थापन केली होती. २००० साली याच संघटनेने स्वतःची स्पर्धा काढली. तिच्यामागे स्पॅनिश लीगचे एदुआर्दो पोर्तेला आणि जोर्दी बेर्तोमेउ ही माणसे होती आणि पैशाचे पाठबळ स्पेनच्या टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीचे होते. स्पर्धेला नाव हवे होते, तेव्हा असे आढळले की फिबा १९९६ पासून आपल्या स्पर्धेसाठी जे ‘युरोलीग’ हे नाव वापरत होती, त्याची नोंदणी तिने केलेलीच नव्हती. बंडखोरांनी ते नाव सरळ उचलले आणि मूळ स्पर्धा भरवणाऱ्या फिबाला आपल्या स्पर्धेसाठी ‘सुप्रोलीग’ असे नवे नाव शोधावे लागले. इतकी मोठी संघटना इतक्या साध्या कागदपत्राच्या बाबतीत गाफील राहावी, याचे मला आजही नवल वाटते.

क्रिकेटच्या श्रोत्यांना येथे १९७७ मधील केरी पॅकर यांची मालिका आठवेल. दोन्हींत फरक आहे. पॅकर यांनी खेळाडू फोडले होते, त्यामुळे निवड प्रत्येक खेळाडूला करावी लागली आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली. युरोपात मात्र क्लबच्या क्लब उठून गेले. खेळाडू, प्रशिक्षक, सभागृह आणि प्रेक्षक हे सारे क्लबाबरोबर गेले आणि म्हणूनच फिबाच्या हाती आपल्या अधिकाराखेरीज फारसे काही उरले नाही.

अर्थात सगळेच गेले नाहीत. रेआल माद्रिद, बार्सेलोना, व्हिटोरियाचा ताउ सेरामिका, बोलोन्याचे किंडर आणि फोर्तितुदो, त्रेव्हिझोचा बेनेतोन, ग्रीसचे ऑलिंपियाकोस आणि एईके, लिथुएनियाचा झाल्गिरिस, झाग्रेबचा चिबोना हे युरोलीगमध्ये आले. माक्काबी, अथेन्सचा पानाथिनाइकोस, त्सेस्का मॉस्को, इस्तंबूलचा एफेस पिल्सेन, बेलग्रेडचा पार्टिझान आणि आल्बा बर्लिन हे फिबाबरोबर राहिले. युरोलीगमध्ये २४ संघ होते आणि ती संख्या भरताना काही दुबळे संघही घ्यावे लागले. सुप्रोलीगमध्ये २० होते. २००० सालचा अंतिम सामना पानाथिनाइकोस आणि माक्काबी यांच्यात झाला होता हे लक्षात घेतले, म्हणजे फिबाच्या बाजूला उरलेसुरलेच राहिले होते, हा समज किती चुकीचा आहे ते कळते.

युरोलीगचा पहिला सामना १६ ऑक्टोबर २००० रोजी माद्रिदमध्ये झाला आणि रेआलने ऑलिंपियाकोसला ७५-७३ असे हरवले. ज्या सभागृहात तो झाला त्याला रायमुंदो सापोर्ता यांचे नाव होते. सापोर्ता हे रेआलचे पदाधिकारी आणि फिबाच्या मूळ स्पर्धेच्या उभारणीत पुढाकार घेतलेल्यांपैकी एक. फिबाची सत्ता झुगारणाऱ्या स्पर्धेचा आरंभ त्यांच्याच नावाच्या वास्तूत व्हावा, हा योगायोग कोणी मुद्दाम घडवला असता तर अतिशयोक्त वाटला असता. याच शरद ऋतूत खेळाचे नियमही बदलले होते: वीस मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी दहा मिनिटांची चार सत्रे आली आणि बास्केटकडे चेंडू टाकण्यासाठी तीसऐवजी चोवीसच सेकंद मिळू लागले. खेळाचा वेग त्यामुळे वाढला आणि दमदार, तरुण, धावणाऱ्या संघांचे फावले.

किंडर हा असा संघ होता. बोलोन्यातील व्हिर्तुस या जुन्या क्लबाचे हे पुरस्कर्त्याच्या नावावरून पडलेले तत्कालीन नाव. १९९८ मध्ये तो युरोपचा विजेता ठरला होता आणि १९९९ मध्ये अंतिम सामन्यात झाल्गिरिसकडून हरला होता. २००० च्या उन्हाळ्यात त्याचा आधारस्तंभ प्रेद्राग दानिलोविच याने अवघ्या तिशीत निवृत्ती पत्करली, तेव्हा संघाचे युग संपले असे समजायला हरकत नव्हती. प्रशिक्षक एत्तोरे मेस्सिना यांनी मात्र त्या जागी दुसरा दानिलोविच न शोधता संघच नव्याने बांधला. फ्रेंच गार्ड आंत्वान रिगोदो हा जुना अनुभवी खेळाडू संघात होताच. त्याच्या जोडीला मार्को यारिच, मात्याझ स्मोदिश, अमेरिकन सेंटर रशार्ड ग्रिफिथ आले आणि रेज्जो कालाब्रियाच्या संघातून तेवीस वर्षांचा एक अर्जेंटिनी डावखुरा आला. त्याचे नाव मानू जिनोबिली. एनबीएच्या सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला नव्या खेळाडूंच्या १९९९ च्या वार्षिक निवडीत ५७ व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ शेवटी, निवडून ठेवले होते.

उपांत्य फेरीत किंडरसमोर त्याच शहरातील फोर्तितुदो आला. एकाच शहरातील दोन क्लब युरोपच्या उपांत्य फेरीत समोरासमोर यावेत आणि त्यातही फोर्तितुदो हा इटलीचा तत्कालीन विजेता असावा, ग्रेगोर फुच्का आणि कार्लटन मायर्स यांच्यासारखे खेळाडू त्याच्याकडे असावेत, हे बोलोन्याखेरीज फारशा शहरांना साधलेले नाही. किंडरने ती मालिका तीन सरळ सामन्यांत जिंकली. दुसरीकडे ताउने एईकेला तसेच हरवले.

ताउ हा बास्क प्रांतातील व्हिटोरियाचा संघ. त्याचे प्रशिक्षक दुश्को इव्हानोविच हे खेळाडू म्हणून १९८९ आणि १९९० साली स्प्लिटच्या युगोप्लास्टिका संघातून युरोपचे विजेते झालेले आणि सराव करवून घेण्यात कोणाचीही गय न करणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्याकडे अमेरिकन गार्ड एल्मर बेनेट, लिथुएनियाचा नेमबाज साउलियस श्टोम्बर्गास आणि फाब्रिसिओ ओबेर्तो व लुईस स्कोला हे दोन अर्जेंटिनी होते. जिनोबिली, ओबेर्तो आणि स्कोला हे तिघे २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकाच संघातून सुवर्णपदक जिंकणार होते. येथे ते परस्परांविरुद्ध उभे होते.

अंतिम मालिकेत तीन सामने जिंकणारा विजेता ठरणार होता. पहिला सामना बोलोन्यात झाला आणि ताउने तो ७८-६५ असा जिंकला. यजमानांच्या मैदानावर तेरा गुणांनी मिळवलेला हा विजय म्हणजे निसटता निकाल नव्हे. एका रात्रीत विजेता ठरवण्याची पद्धत असती, तर इतिहासात त्या दिवशी ताउचे नाव कोरले गेले असते आणि किंडर हा अपेक्षाभंग करणारा संघ म्हणून लक्षात राहिला असता. पण मालिका पुढे चालू राहिली. दुसऱ्या सामन्यात किंडरने ९४-७३ अशी बाजू उलटवली आणि मग व्हिटोरियात जाऊन तिसरा सामना ८०-६० असा जिंकला. आता मालिका संपल्यातच जमा आहे असे वाटत असताना ताउने चौथा सामना ९६-७९ असा घेतला आणि पाचव्यासाठी सगळे पुन्हा बोलोन्यात आले. तो किंडरने ८२-७४ असा जिंकला. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून जिनोबिलीची निवड झाली.

हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाच सामन्यांतील फरक अनुक्रमे १३, २१, २०, १७ आणि ८ गुणांचा आहे. पाचही सामन्यांची बेरीज केली तर किंडरचे गुण ४०० आणि ताउचे ३८१ भरतात. म्हणजे एकूण मालिका अटीतटीची होती, पण तिच्यातील एकही सामना, शेवटचा सोडला तर, अटीतटीचा नव्हता. हे विचित्र दिसते. माझ्या मते त्याचे कारण असे की प्रत्येक पराभवानंतर हरलेल्या प्रशिक्षकाला विचार करायला वेळ मिळत होता आणि ही मालिका एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे महिन्याच्या दहा तारखेपर्यंत चालली असल्यामुळे तो वेळ भरपूर होता. मेस्सिना आणि इव्हानोविच यांच्यासारखी दोन तयार माणसे समोरासमोर असली, की एकाने शोधलेले उत्तर पुढच्या सामन्यात शिळे होते. बास्केटबॉल हा प्रशिक्षकांचाही खेळ आहे हे ज्याला पटवून घ्यायचे असेल, त्याने ही मालिका अभ्यासावी. एका रात्रीच्या सामन्यात प्रशिक्षकाला फक्त पहिली चाल दाखवता येते.

किंडरने त्या मोसमात इटलीचे लीग विजेतेपद आणि इटालियन चषकही मिळवला आणि लीगच्या अंतिम फेरीतही फोर्तितुदोला ३-० असेच हरवले.

सुप्रोलीगमध्ये फिबाने जुनी पद्धत कायम ठेवली होती. अखेरचे चार संघ एकाच शहरात, एकाच आठवड्याच्या शेवटी, प्रत्येक फेरीस एकच सामना. ‘फायनल फोर’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९८८ पासून रुळलेली होती. पॅरिसच्या बेर्सी सभागृहात माक्काबीने त्सेस्काला ८६-८० असे आणि पानाथिनाइकोसने एफेसला ७४-६६ असे हरवले. अंतिम सामन्यात पिनी गेर्शोन यांच्या माक्काबीने, आदल्याच वर्षी आपल्याला हरवणाऱ्या जेल्को ओब्राडोविच यांच्या पानाथिनाइकोसला, ८१-६७ असे नमवले. एरियल मॅकडोनाल्ड सर्वोत्तम ठरला. नेट हफमन आणि अँथनी पार्कर हेही त्या संघात होते. पुढे एनबीएत दीर्घकाळ खेळलेला पार्कर युरोपात नावारूपाला आला तो येथून.

दोन विजेत्यांचा देखावा कोणालाच परवडणारा नव्हता. प्रेक्षकांना तो पटत नव्हता आणि प्रायोजकांना तर मुळीच नाही. त्यामुळे एकाच मोसमानंतर समेट झाला, सुप्रोलीग बंद झाली आणि २००१-०२ मध्ये ३२ संघांची एकच युरोलीग झाली. ती चालवणार होते क्लब आणि लीग. राजकीय दृष्ट्या हा बंडखोरांचा निर्विवाद विजय होता. आणि तरीही एका बाबतीत त्यांनी पराभूत पक्षाची गोष्ट उचलली: पाच सामन्यांची अंतिम मालिका सोडून देऊन त्यांनी फिबाचे फायनल फोर स्वीकारले. कारण उघड आहे. चार क्लबांचे पाठीराखे एका शहरात जमतात, तिकिटे महिनोन्महिने आधी विकता येतात, वाहिन्यांना तारीख ठाऊक असते. मालिका तीन सामन्यांत संपेल की पाच, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. व्यापार म्हणून हा निर्णय योग्यच होता. खेळाच्या अंगाने मला तो तोट्याचा वाटतो. २००८-०९ पासून उपांत्यपूर्व फेरी पाच सामन्यांची झाली, पण अंतिम निकाल आजही एकाच संध्याकाळी लागतो.

राहता राहिला प्रश्न असा की २००१ चा खरा विजेता कोण. दोन्ही क्लब ते वर्ष आपापल्या विजेतेपदांत मोजतात आणि युरोलीगही दोघांची नावे मान्य करते. मे २००२ मध्ये एकत्रित स्पर्धेचे पहिले फायनल फोर बोलोन्यालगतच्या कासालेक्कियो येथे, किंडरच्या घरच्या सभागृहात झाले आणि दोन्ही विजेते तेथे पोहोचले. त्यांची भेट तेव्हाही झाली नाही. उपांत्य सामन्यात माक्काबीला आणि अंतिम सामन्यात किंडरला हरवले ते पॅरिसमध्ये हरलेल्या पानाथिनाइकोसने. किंडरविरुद्धचा निकाल ८९-८३ असा होता. जिनोबिलीने २७ गुण केले, तरी ते पुरले नाहीत, आणि त्यानंतर तो सॅन अँटोनियोला निघून गेला. काही जण या निकालावरून आदल्या वर्षीचा न्याय करू पाहतात. वर्षभरात माक्काबीचे प्रशिक्षक बदलले होते, पानाथिनाइकोसमध्ये नवे खेळाडू आले होते आणि सामने एकेकच झाले होते. एवढ्या पुराव्यावर मी तरी निकाल देणार नाही.