प्रोसेसर कार्डाला अडवतो म्हणजे नेमकं काय करतो?

मित्रहो, गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायला बसलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: हा स्वस्तातला प्रोसेसर या ग्राफिक्स कार्डाला अडवेल का? एक जण ठासून सांगतो की अडवणारच, कार्डाचे पैसे पाण्यात जातील. दुसरा म्हणतो, काही होत नाही, खुशाल घ्या. गंमत अशी की दोघंही आपापल्या कॉम्प्युटरवर पाहूनच बोलत असतात आणि दोघंही खरं बोलत असतात. कारण विचारणाऱ्याने दोन गोष्टी सांगितलेल्याच नाहीत. गेम कोणता, आणि सेकंदाला किती फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) हव्यात? हे कळल्याशिवाय कुठल्याही जोडीबद्दल बोलण्यात अर्थ नाही, एवढंच मला आज सांगायचंय. त्याच्या आजूबाजूला मात्र बरंच काही आहे.

एक फ्रेम पडद्यावर येण्याआधी आत काय घडतं ते पाहू. तुम्ही माउस हलवता, कळ दाबता. ते प्रोसेसर वाचतो. मग गेमच्या जगात त्या क्षणी काय बदललं याचा हिशेब करतो. कोण कुठे सरकलं, गोळी कशाला लागली, शत्रूने काय ठरवलं, कोसळलेल्या भिंतीचे तुकडे कुठे उडाले. त्यातलं कॅमेऱ्याला दिसणार काय, ते निवडतो आणि कार्डासाठी कामांची यादी लिहितो: ही वस्तू काढ, तिच्यावर हे टेक्श्चर (पृष्ठभागाचं चित्र) लाव, ही सावली टाक. या एकेका हुकमाला ड्रॉ कॉल म्हणतात आणि मोठ्या गेममध्ये एका फ्रेममागे ते हजारांच्या घरात जातात. यादी मिळाल्यावर कार्ड प्रत्यक्ष रंगकाम करतं.

कार्ड एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळेची बेरीज करायची नसते. ज्याला जास्त वेळ लागतो त्याचाच आकडा धरायचा. समजा, प्रोसेसरला एका फ्रेममागे १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ८. म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम. आता दुप्पट वेगाचं कार्ड आणलं, त्याचं काम ४ मिलिसेकंदांत उरकतं. फ्रेम किती? १००च. आडात नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार!

पण याच माणसाचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, असेल तर? त्याला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर १० मध्ये मोकळा होतो. त्याला काहीही अडलेलं नाही. शेजारी १४४ हर्ट्झचा पडदा घेऊन बसलेल्याला फक्त ६.९ मिलिसेकंद मिळतात आणि २४० हर्ट्झवाल्याला ४.२. प्रोसेसर तोच, कार्ड तेच, गेमही तोच. एकाला काही अडचण नाही आणि दुसरा हैराण. सुरुवातीचे ते दोन सल्लागार आठवा, त्यांचं भांडण इथेच मिटतं.

रेझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावरच्या पिक्सेलच्या (ठिपक्यांच्या) संख्येचा, बोजा जवळजवळ सगळा कार्डावर पडतो. १९२०×१०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, फोर-के पडद्यावर ८२,९४,४००, बरोबर चौपट. प्रोसेसरच्या यादीत मात्र त्याने फारसा फरक पडत नाही. शत्रू दहा असतील तर दहाच राहतात, मग ते कितीही पिक्सेलमध्ये रंगवा. (रुंद पडद्यावर जास्त दृश्य दिसत असेल तर यादी थोडी लांबते, पण ते सोडून देऊ.) म्हणून १०८०पीवर (१९२०×१०८० वर) प्रोसेसरने अडवलेलं कार्ड फोर-केवर स्वतःच दमतं आणि प्रोसेसरचं नावही कोणी काढत नाही.

यातूनच घरी करायची सोपी चाचणी निघते. गेममधल्या एखाद्या गजबजलेल्या जागी उभे राहा, फ्रेमचा आकडा बघा आणि रेझोल्यूशन एकदम खाली आणा. आकडा उडी मारून वर गेला तर अडवणारं कार्ड होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा आधी बंद करा, नाहीतर ६० वर अडकलेला आकडा पाहून तुम्ही निष्पाप प्रोसेसरला दोष द्याल. प्रोसेसर आणि कार्डाची नावं टाकली की 'इतके टक्के बॉटलनेक' (म्हणजे अडवणूक) असा आकडा काढून देणाऱ्या सोयी असतात. त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गेम आणि फ्रेम विचारल्याशिवाय काढलेला तो टक्का कशाचा, ते त्यांनाच ठाऊक.

प्रोसेसर किती टक्के वापरात आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरचीही एक फसगत आहे. लोक म्हणतात, 'प्रोसेसर तर चाळीस टक्केच वापरला जातोय, मग तो कसा अडवेल?' सहा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), बारा थ्रेडच्या (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांच्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापर जेमतेम ८ टक्के दिसतो. आणि गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो, ज्याचं काम इतरांना सहजी वाटून देता येत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा हाच आहे: कामाचा जो भाग वाटता येत नाही, त्याच्यापुढे कितीही हात लावा, वेग वाढत नाही. म्हणून प्रोसेसरचा टक्का बाजूला ठेवा आणि कार्डाचा बघा. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर ते पूर्ण राबतंय. ते ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि फ्रेमवर कुठलीही मर्यादा घातलेली नाही, तर त्याला काम वेळेवर मिळत नाहीये.

आता थोडा इतिहास, कारण 'स्वस्त प्रोसेसर पुरतो' ही समजूत कुठून आली ते त्यात दडलंय. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही टीव्हीला जोडायची गेमिंग यंत्रं आली. दोन्हींत एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचे जॅग्वार जातीचे आठ कोअर होते, अगदी मंद; प्लेस्टेशन ४ मध्ये ते १.६ गिगाहर्ट्झवर चालत. मोठे गेम या यंत्रांसाठी लिहिले जात आणि त्यातले बरेच ३० फ्रेमवर धावत. जे काम त्या कोअरांना झेपतं ते कॉम्प्युटरमधल्या साध्या प्रोसेसरला झेपणारच! फक्त कोअर अगदीच कमी पडले की दार बंद. २०१४ मध्ये 'फार क्राय ४' हा गेम आला तेव्हा दोन कोअर, दोन थ्रेडच्या पेंटियम प्रोसेसरवाल्यांपुढे काळा पडदा उभा राहिला होता. वेग भरपूर होता, पण गेमला अपेक्षित असलेले थ्रेडच नव्हते. असे अपवाद सोडले तर त्या काळात चार कोअर घेऊन माणूस वर्षानुवर्षं निवांत बसला. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले, एएमडीच्याच नव्या झेन २ जातीचे आठ कोअर आणि साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा वेग घेऊन. खालची पायरीच उचलली गेली. जुना सल्ला मात्र लोकांच्या तोंडी तसाच राहिला.

स्वस्त प्रोसेसर स्वस्त होतो तो कशामुळे? लोक कोअर मोजतात. माझ्या मते गेमसाठी कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) आधी बघावी. गेमचं जग मेमरीत विखुरलेलं असतं, हिशेबासाठी लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली नाही की प्रोसेसर रॅमची वाट बघत बसतो, आणि त्या थांबण्यातच मिलिसेकंद जातात. २०२० मध्ये एएमडीने रायझन ३ ३१०० आणि ३३००एक्स असे दोन प्रोसेसर काढले. दोन्हींत चार कोअर, आठ थ्रेड, १६ मेगाबाइट एलथ्री (तिसऱ्या पातळीची) कॅश. ३१०० मध्ये मात्र कोअरांचे दोन-दोनचे दोन गट होते आणि कॅशही आठ-आठ अशी विभागलेली. एका गटाला दुसऱ्याकडे जायचं तर वळसा. ३३००एक्स मध्ये चारही कोअर एकत्र. वेगाचा आकडाही थोडा वेगळा होता, पण गेममध्ये दिसणारं अंतर त्याहून मोठं होतं. याचं दुसरं टोक म्हणजे २०२२ मधला रायझन ७ ५८००एक्स३डी. साध्या ५८००एक्सपेक्षा त्याचा कमाल वेग कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, कॅश मात्र ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट. गेममध्ये तो आपल्या वेगवान भावाच्या पुढे गेला. त्याच वर्षी आलेला स्वस्तातला रायझन ५ ५५०० पाहा: सहा कोअर रायझन ५ ५६००सारखेच, कॅश निम्मी, १६ मेगाबाइट.

या ५५०० मध्ये आणखी एक कात्री लागलेली आहे आणि ती फार कमी लोक वाचतात. तो कार्डाशी पीसीआय एक्सप्रेस (कार्डाला जोडणारी वाट) ३.० नेच बोलतो, ५६०० सारखा ४.० ने नाही. बहुतेक कार्डांना याचा पत्ताही लागत नाही. पण रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड फक्त चार लेनचं (त्या वाटेच्या चारच मार्गिका वापरणारं) आहे, त्यातून मेमरी ४ गिगाबाइट. मेमरी भरली की टेक्श्चर रॅममधून ओढून आणावी लागतात आणि ४.० वर सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट वाहणारी वाट ३.० वर ४ वर येते. इथे स्वस्त प्रोसेसर स्वस्त कार्डाला शब्दशः अडवतो, आणि हिशेबात तो कितीही चपळ असला तरी फरक पडत नाही.

तसंच ड्रायव्हरचं. प्रोसेसरने लिहिलेली यादी कार्डाला समजेल अशी करण्याचं काम ड्रायव्हर करतो, तेही प्रोसेसरच्याच वेळात. इंटेलचं आर्क बी५८० हे किफायतशीर कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये आलं. तगड्या प्रोसेसरबरोबर त्याचं कौतुक झालं, आणि काही आठवड्यांतच लोकांनी ते जुन्या, साध्या प्रोसेसरवर लावून पाहिलं तर काही गेममध्ये ते प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त घसरलं. ज्याच्यासाठी कार्ड काढलं त्याच्याच घरी ते लंगडलं. म्हणून परीक्षण वाचताना त्या चाचणीत प्रोसेसर कोणता होता ते आधी शोधा. बहुतेक वेळा तो बाजारातला सर्वांत वेगवान असतो.

प्रोसेसर कमी पडला की पडद्यावर ते कसं दिसतं? सरासरी पुष्कळदा बरी असते. ९० फ्रेमची सरासरी, पण शहरात शिरताना, स्फोट होताना, नवा भाग लोड होताना एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद खाते आणि हाताला झटका जाणवतो. चाचण्यांमध्ये 'वन पर्सेंट लो' नावाचा आकडा देतात तो यासाठीच. सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग. स्वस्त आणि महाग प्रोसेसरमधला फरक सरासरीत झाकला जातो, इथे उघडा पडतो. या झटक्यांवर पहिला उपाय म्हणजे रॅमची एकच पट्टी लावली असेल तर दोन करणं, आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचा पूर्ण वेग चालू आहे ना ते पाहणं. दुसरा उपाय सेटिंगमध्ये: गर्दीचं प्रमाण आणि दूरवरचं दृश्य कमी करा. रे ट्रेसिंगही (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावली काढणं) बंद करून बघा. त्याचा भार कार्डावर असतो असं सगळे धरून चालतात, पण हलणाऱ्या जगाची रचना दर फ्रेमला ताजी ठेवण्यात प्रोसेसरही राबतो. टेक्श्चर कमी करून इथे काही हाती लागत नाही.

अपस्केलिंगबद्दल (कमी पिक्सेलमध्ये रंगवून चित्र मोठं करण्याबद्दल) सावध करतो. फोर-केवर एनव्हिडियाच्या डीएलएसएसचा परफॉर्मन्स मोड लावला की कार्ड आतून १०८०पीच रंगवतं. म्हणजे 'मी फोर-केवर खेळतो, मला प्रोसेसरची चिंता नाही' हे म्हणणं तिथल्या तिथे खोटं ठरतं. फ्रेम जनरेशन प्रोसेसरला न विचारता मधल्या फ्रेम घालतं, आकडा वाढतो, दृश्य गुळगुळीत होतं. तुमची कळ मात्र प्रोसेसरने तयार केलेल्या फ्रेमलाच वाचली जाते, त्यामुळे हाताला जाणवणारा उशीर तेवढाच राहतो, किंबहुना थोडा वाढतो.

मग घ्यायचं काय? ६० फ्रेमवर, कथा असलेले देखणे गेम खेळणाऱ्याने खुशाल साधा सहा कोअरचा प्रोसेसर घ्यावा आणि उरलेलं सगळं कार्डात घालावं. 'काउंटर-स्ट्राइक २'सारख्या स्पर्धेच्या गेममध्ये २४० फ्रेमच्या मागे असलेल्याने उलट करावं. आणि काठावर असाल तर मदरबोर्डाकडे बघा. एएमडीचा एएम४ सॉकेट (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) २०१६ मध्ये आला, २०१७ चे पहिले रायझन त्यात बसले आणि २०२२ चा ५८००एक्स३डीही त्यातल्या कित्येक जुन्या बोर्डांवर चालला. आज साधा प्रोसेसर घालून, कार्ड बदलल्यावर कमी पडला तर तो तेवढाच बदलता येतो. मात्र बायोस अपडेट आधी करायचं, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नवा घातल्यावर यंत्र सुरूच झालं नाही तर अपडेट करणार कशावर?