पोकर टूर्नामेंट शिकताना चिप्सचा हिशोब कसा करावा

नमस्कार. पोकरचे नियम येतात, मित्रांमध्ये बऱ्यापैकी खेळता येते, पण टूर्नामेंटमध्ये बक्षिसांच्या जवळ पोहोचून बाहेर पडावे लागते, अशा हौशी खेळाडूंसाठी आजचा भाग आहे.

हौशी माणूस हा खेळ गंभीरपणे शिकला तर कुठवर जाऊ शकतो, याचे एक चांगले उदाहरण मारिया कोनिकोवा यांचे आहे. त्या लेखिका असून त्यांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे, आणि एरिक सायडेल या नामवंत खेळाडूकडे शिकायला गेल्या तेव्हा त्यांना पोकर मुळीच येत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन पोकरला परवानगी नसल्यामुळे त्या नदीपलीकडे न्यू जर्सीत जाऊन लहान रकमेच्या टूर्नामेंट खेळत, मग लास व्हेगासच्या छोट्या स्पर्धांमध्ये उतरत, आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामामधील एक स्पर्धा जिंकून त्यांनी ८४,६०० डॉलर्सचे पहिले बक्षीस मिळवले. मला यात बक्षिसापेक्षा शिकण्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी लहान रकमा, प्रत्येक डावानंतर जाणकाराशी चर्चा, आणि मगच वरची पायरी.

या शिकण्यात सर्वांत आधी काय यावे, असे मला कोणी विचारले तर मी चिप्सचा हिशोब असेच सांगेन. कॅश गेममध्ये शंभर रुपयांची चिप केव्हाही शंभर रुपयांचीच असते आणि मनात येईल तेव्हा ती घेऊन उठता येते. टूर्नामेंटमध्ये चिप्स विकता येत नाहीत, ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंनी भरायच्या सक्तीच्या रकमा (लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड), ठरलेल्या वेळाने वाढत जातात, आणि बक्षीस मिळते ते आपण कितव्या क्रमांकावर बाहेर पडलो यावर. त्यामुळे समोरच्या ढिगात किती चिप्स आहेत, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

म्हणून पहिली सवय म्हणजे आपला स्टॅक, म्हणजे आपल्याकडच्या सर्व चिप्स, बिग ब्लाइंडमध्ये मोजणे. आपल्याकडे २०,००० चिप्स आहेत आणि ब्लाइंड ५००-१,००० आहेत, तर आपण २० बिग ब्लाइंडवर आहोत. ब्लाइंड १,०००-२,००० झाले की एकही चिप न गमावता आपण १० वर येतो. नऊ जणांच्या टेबलावर बिग ब्लाइंडएवढा अँटे, म्हणजे प्रत्येक डावात एकाने सर्वांच्या वतीने भरायची आणखी एक रक्कम, असेल, तर एका पूर्ण फेरीत स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड आणि अँटे मिळून अडीच बिग ब्लाइंड जातात, म्हणजे १० बिग ब्लाइंडवाल्याच्या हातात केवळ चार फेऱ्या उरतात. या अवस्थेत लहानशी बेट लावून फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते, पाहण्यात स्टॅकचा मोठा भाग खर्च होतो, म्हणून जाणकार खेळाडू येथे बहुतेक वेळा दोनच पर्याय ठेवतात: सर्वांआधी ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावणे, किंवा पत्ते टाकणे. एक्क्यांच्या जोडीची वाट पाहत ब्लाइंड भरत राहणारा नवखा खेळाडू मात्र ती जोडी येईपर्यंत दुप्पट झाल्यावरही कोणाला धाक वाटू नये, इतका खाली आलेला असतो.

आता पडद्यावरचे उदाहरण नीट पाहा, कारण आजच्या भागाचा गाभा येथे आहे. चार खेळाडू उरले आहेत, प्रत्येकाकडे १०,००० चिप्स आहेत, आणि बक्षिसे तिघांनाच आहेत: ५०,०००, ३०,००० आणि २०,००० रुपये. चौघे सारखेच असल्यामुळे प्रत्येकाच्या स्टॅकचे मोल सरासरी २५,००० रुपये होते. समजा, समोरचा ऑल-इन गेला, आपण कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून त्याला सामोरे गेलो, आणि जिंकलो. आता आपल्याकडे एकूण चिप्सपैकी निम्म्या आहेत, म्हणून पहिले येण्याची शक्यता निम्मी, दुसरे येण्याची एक तृतीयांश आणि तिसरे येण्याची एक षष्ठांश धरली जाते. बक्षिसांशी गुणून बेरीज केली की ३८,३३३ रुपये येतात. चिप्स दुप्पट झाल्या, पण मोल १३,३३३ रुपयांनीच वाढले, आणि त्यासाठी आपण २५,००० रुपये पणाला लावले होते. ब्लाइंड बाजूला ठेवले, तर हा कॉल परवडण्यासाठी आपण सुमारे ६५ टक्के वेळा जिंकायला हवे.

या पद्धतीला इंडिपेंडंट चिप मॉडेल, थोडक्यात आयसीएम म्हणतात. तिचे निष्कर्ष पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-दहा हे पत्ते कोणत्याही दोन अज्ञात पत्त्यांविरुद्ध साधारण ६३ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे समोरचा पत्ते न पाहता ऑल-इन गेला आहे, अशी खात्री असली तरी या जागी एक्का-दहावर कॉल करणे तोट्याचे ठरते. समोरच्याने एक्का-राजा उघडे करून दाखवले आणि आपल्याकडे राण्यांची जोडी असली, तरी ती जोडी जवळपास ५७ टक्केच जिंकते, म्हणून तीही टाकावी लागते. हाच हिशोब उलट बाजूने पाहिला की लक्षात येते की ऑल-इन करणाऱ्याला समोरचे पत्ते टाकतात तेव्हाही चिप्स मिळतात, तर कॉल करणाऱ्याला पत्ते जिंकूनच दाखवावे लागतात. त्यामुळे बक्षिसांच्या उंबरठ्यावर आधी ऑल-इन जाणाऱ्याला मोकळीक अधिक मिळते आणि कॉल करणाऱ्याचे पत्ते फार सरस असावे लागतात.

सरावासाठी एक वही ठेवा. डाव संपल्यावर त्यात आपली जागा, सर्वांचे स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये, कोणी काय केले, आणि निर्णय घेताना आपल्या मनात कोणते कारण होते, हे लिहा. निकाल मुद्दाम सर्वांत शेवटी लिहा, कारण तो आधी लिहिला की आपण कारणही त्याला साजेसेच शोधतो. केवळ दुर्दैवाने हरलेले डाव टिपणारे खेळाडू मी बरेच पाहिले आहेत. त्यांच्या वहीत शिकण्यासारखे फारसे उरत नाही, कारण खऱ्या चुका अनेकदा जिंकलेल्या डावांत दडलेल्या असतात.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे आणि पोकरही त्यात येते. गोव्यात पणजीला मांडवीतील परवानाधारक कॅसिनोंची गोष्ट वेगळी आहे, परंतु आज सांगितलेले सारे शिकण्यासाठी तेथे जाण्याची गरज नाही. घरी सहा-सात मित्रांनी पैशांविना, दर १५ मिनिटांनी ब्लाइंड वाढवत टूर्नामेंट खेळली, तरी हे सगळे निर्णय समोर येतात.

पुढील भागापूर्वी एक गणित स्वतः सोडवा. चार खेळाडू, सारखेच स्टॅक, पण या वेळी बक्षिसे दोनच, ६५,००० आणि ३५,००० रुपयांची. वरच्याच रीतीने गेलात तर कॉलसाठी लागणारी शक्यता ६५ वरून जवळपास ५७ टक्क्यांवर उतरते, आणि उघड्या एक्का-राजासमोर टाकलेली ती राण्यांची जोडी येथे थेट काठावर येऊन बसते.