लॉर्डच्या बॅगेत विटा

श्रोतेहो, नमस्कार. ब्रिटिश विनोदी मालिका लावली की पहिली दोन मिनिटं मी डोळे मिटून बसते. नुसतं ऐकते. पात्र कुठल्या वर्गातलं, हे तिथं कपड्यांच्या आधी बोलण्यातून कळतं. पुन्हा सांगते, आधी बोलण्यातून.

‘फॉल्टी टॉवर्स’चा 1975 मधला पहिलाच भाग घ्या. माझा फार लाडका. हॉटेलमालक बॅसिलला थोरामोठ्यांची ऊठबस हवी असते, म्हणून त्यानं उंची नियतकालिकात जाहिरात दिलेली. आणि येतो कोण? डॅनी ब्राउन. अस्सल कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीची बोली. ‘हाउस’चं ‘आउस’ करणारी. तोंड उघडताच तो बॅसिलच्या मनातून उतरतो. स्पॅनिश वेटर मॅन्युएलला बॅसिलचं काही केल्या कळत नाही, तर हा डॅनी त्याच्याशी सरळ अस्खलित स्पॅनिश बोलतो! तरीही बॅसिलचं मत तसूभर हलत नाही.

मग दुसरे गृहस्थ येतात. वहीत नुसतं ‘मेलबरी’ लिहितात. पूर्ण नाव लिहा, म्हणून बॅसिल खेकसतो. ते शांतपणे सांगतात, मी लॉर्ड मेलबरी, एवढीच सही करतो. झालं! बॅसिल विरघळतो. जेवत बसलेल्या कुटुंबाला खिडकीजवळच्या टेबलावरून उठवून लॉर्डसाहेबांना तिथं बसवतो. शेवटी कळतं, लॉर्ड भामटा आहे, त्याच्या बॅगेत विटा आहेत. आणि कॉकनी डॅनी? त्याच्याच मागावर आलेला पोलीस!

अशा मालिका डब करतात ना, ते मला मुळीच पटत नाही. लॉर्ड आणि डॅनी एकाच छापाचं बोलू लागले तर उरलं काय? त्यापेक्षा पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी ठळक अक्षरांत द्या, आमच्या वयाच्या माणसांना वाचता येतील अशा.

हां, तर बोलणं. 1990 साली सुरू झालेल्या ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मधली हायसिंथ आठवा. आडनाव बकेट, म्हणजे बादली. पण ही म्हणणार ‘बूके’ म्हणा, फुलांचा गुच्छ! फोन उचलला की तिचा आवाज घासूनपुसून ठेवलेल्या चांदीच्या भांड्यासारखा लखलखीत. डेझी आणि रोज या तिच्या सख्ख्या बहिणी मात्र माहेरच्या बोलीतच बोलतात. त्या दारात येऊन दोन शब्द बोलल्या, की हायसिंथ घाईघाईनं शेजाऱ्यांच्या खिडकीकडे पाहते.