श्या: नगर सापडलं, नाव सापडेना

मातीत एक माणूस झोपलाय. खांद्यापासून कमरेपर्यंत त्याच्या अंगावर एक ड्रॅगन पसरलाय. फिरोज्याच्या दोन हजारांहून जास्त तुकड्यांचा, आणि एकेक तुकडा करंगळीच्या नखाएवढाही नाही. कमरेपाशी काशाची घंटा.

२००२ साली चीनच्या हेनान प्रांतात, लुओयांगजवळच्या अर्लितोउ गावात ही कबर उघडली. माणूस सुमारे साडेतीन हजार वर्षांहून जुना. पण तो कुठल्या राजाच्या पदरी होता?

चिनी परंपरा सांगते, श्या घराण्याच्या. चीनचं पहिलं राजघराणं. मूळपुरुष यू. महापुराने मुलूख बुडाला, तेव्हा यूच्या वडिलांनी बांध घालून पाणी अडवून पाहिलं. हरले. यूने पाट खोदले, पाण्याला समुद्राची वाट दाखवली. त्या कामात तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, पण उंबरा ओलांडला नाही.

ही हकिगत सविस्तर लिहिली गेली ती फार उशिरा. इतिहासकार सिमा च्येन तर इसवी सनापूर्वी १०० च्या आसपासचा. म्हणून १९२० च्या दशकात गू ज्येगांगसारख्या अभ्यासकांनी रोखठोक विचारलं, हा इतिहास की पुराणकथा?

पण श्यांनंतरच्या शांग घराण्यावरही असाच संशय होता. मग औषधांच्या दुकानात ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हाडांवर शांगकाळची अक्षरं दिसली. ती वाचली, आणि सिमा च्येनची शांग राजांची यादी बहुतांशी खरी निघाली! तोच माणूस श्यांबद्दल खोटं का सांगेल?

याच आशेने १९५९ मध्ये सत्तरी ओलांडलेले पुरातत्त्वज्ञ शू शूशेंग जुन्या ग्रंथांतल्या खुणा धरत निघाले आणि अर्लितोउला पोचले. तिथे पुढे राजवाड्यांचे चौथरे मिळाले, काशाच्या ओतकामाची जागा मिळाली, रस्त्यावर चाकांच्या चाकोऱ्या मिळाल्या. इथे राजसत्ता होती, यात मला शंका नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पाने तर श्यांचा काळही ठरवला: इसवी सनापूर्वी २०७० ते १६००. मला ही घाई वाटते. कारण अर्लितोउत वाचता येईल असा एकही लेख मिळालेला नाही.

आणि शांगांची ती हाडं? परंपरेनुसार शांगांनी श्यांनाच हरवून राज्य मिळवलं. हाडांवर त्यांनी कौल लावून पाऊस पडेल का विचारलंय, शिकार मिळेल का विचारलंय, राजाची दातदुखीसुद्धा विचारलीय. हरवलेल्या त्या घराण्याचा उल्लेख मात्र अजून कुणाला निर्विवाद दाखवता आलेला नाही.