पलंग ते बाथरूम, अकरा पावलं

हा पलंग दिसतोय ना, इथून त्या बाथरूमच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. आईची अकरा, माझी सातच होतात. आईचं वय 78. मागच्या श्रावणात रात्री पावणेतीनला ती लघवीला उठली आणि आठव्या पावलाला पडली. मनगट मोडलं. खुबा वाचला म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली, कारण खुबा मोडला की ऑपरेशन, वॉकर, आणि त्यातनं उठलेली कितीतरी माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालतच नाहीत.

भेटायला आलेले सगळे एकच म्हणाले, वय झालं आता, पडायचंच. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. जगात दरवर्षी साधारण 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची. एवढी माणसं नुसती वयामुळे जातात? म्हणून आम्ही ही अकरा पावलं परत चालून बघितली, रात्रीच, लाइट न लावता.

पहिलं पाऊल पडायच्या आधीच गडबड आहे. झोपलेलं माणूस झटकन उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, तरुणपणी शरीर ते लगेच सावरतं, पण म्हातारपणी वेळ लागतो आणि त्यात बीपीची गोळी, झोपेची गोळी, पुरुषांना प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर डोळ्यापुढे अंधारीच येते. हे तपासायचं कसं, तर आधी आडवं झोपवून बीपी घ्यायचं आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घ्यायचं, वरचा आकडा 20 ने खाली आला तर डॉक्टरांशी बोलायचं. आईचं इतकी वर्षं बीपी घेतलं गेलं ते कायम खुर्चीत बसवूनच. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका हां, पण सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, झोपेची गोळी अजून लागते का ते विचारा. आता आई उठली की आधी पलंगाच्या कडेला बसते, पावलं वरखाली हलवते, मिनिटभर थांबते, मग उभी राहते.

पुढचं मला सगळ्यात उशिरा कळलं. आमची डोंबिवलीची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. त्या घरात आई चाळीस वर्षं अंधारात चालली, पलंगावरून उठलं की डावीकडे वळायचं, कपाटाला हात लावायचा, मोरी. खाली शहाबादी लादी, खरबरीत, पाणी सांडलं तरी पाय धरून ठेवायची. नवीन फ्लॅटमधे बाथरूम उजवीकडे आहे, वाटेत धरायला काही नाही, आणि खाली आरशासारख्या टाइल्स ज्या मीच पसंत केल्या होत्या. आईच्या पायांना जुनं घर पाठ होतं, त्या रात्री अर्धवट झोपेत ती डावीकडेच वळली, मग चुकलं म्हणून गर्रकन फिरली, आणि फिरताना आठव्या पावलाला पायपुसण्यावर पाय सरकला.

ते पायपुसणं तिनेच जुन्या साड्यांचं शिवलेलं.

आता पलंगापासून दारापर्यंत भिंतीला खालच्या बाजूला सेन्सरचे छोटे दिवे आहेत, पाय खाली ठेवला की लागतात. वाटेत पायपुसणं, चार्जरची वायर, पाण्याची कळशी, काही म्हणजे काही नाही. घरातल्या सपाता पण गेल्या, मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल आले. डायबेटिस असेल तर हे जास्तच बघा कारण तळव्यांना स्पर्शच नीट कळत नाही, चप्पल पायातनं सुटली तरी समजत नाही.

बाथरूमचं दार नीट बघा. आमचं आत उघडायचं, बहुतेक घरांत तसंच असतं. आत माणूस पडलं तर ते दारालाच अडतं, बाहेरून ढकलता येत नाही, आणि वर आतून कडी. आम्ही दार बाहेर उघडेल असं करून घेतलं आणि कडी काढली. आईला ते आवडलं नाही, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, मग बाहेरूनही उघडता येईल असं लॅच बसवलं तेव्हा ती तयार झाली. आणि टॉवेलचा रॉड धरून उठायची सवय असेल तर आजच थांबवा, तो टॉवेलचंच वजन पेलतो. कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी खरा आधाराचा बार लागतो, टाइलच्या मागे भिंतीत पक्का बसवलेला. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कमोड मोतीबिंदूच्या डोळ्यांना नीट दिसतच नाही, म्हणून आम्ही गडद निळी सीट लावली, साधी गोष्ट आहे पण केवढा फरक पडला.

पण घर कितीही नीट केलं तरी पायात ताकद हवी, आणि इथे आपण मुलंच चुकतो. आई पडल्यावर मी दोन महिने तिला म्हणत होते, तू उठू नकोस, मी आणते, तू बस. ती बसली. मांड्या वाळल्या, भीती वाढली, भिंत धरून चालायला लागली. फिजिओथेरपिस्ट घरी आल्या आणि त्यांनी मला सांगितलं, ताई, यांना बसवून ठेवू नका. खुर्चीतनं हात न टेकता उठायचं, परत बसायचं, पहिल्या दिवशी आईला एकदाही जमलं नाही. आता सकाळी दहा वेळा करते. ओट्याला धरून एका पायावर उभं राहते, बाजूला कोणीतरी असतंच.

आणि पडलंच कोणी, तर बगलेत हात घालून ओढून उठवू नका. आधी विचारा कुठे दुखतंय. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर खुबा मोडलेला असू शकतो, तसंच पडून राहू द्या, पांघरूण घाला आणि 108 ला फोन करा.

ही आईची खुर्ची, व्यायामाची, भिंतीला टेकवलेली, सरकू नये म्हणून. खुर्चीच्या पाठीला बांधलंय ते साड्यांचं पायपुसणं. टाकून दे म्हटलं तर म्हणाली, अगं चांगलं आहे ते, जमिनीवर नको एवढंच ना. सहा, सात... थांबा, तिला दहा करू दे.