वावडिंग : बाळाच्या दुधातले, झाडाच्या जखमेवरचे

तळहातावर ठेवलेली ही फळे पाहिली की कोणालाही प्रथम मिरीच आठवते. नीट निरखल्यावर फरक कळतो. हे फळ मिरीहून लहान आहे, रंगाने काळपट तांबूस आहे, त्याच्या टोकाशी बारीकशी चोच आहे आणि दुसऱ्या बाजूला सुकलेला देठ अजून चिकटून आहे. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा, वेखंड आणि मुरुडशेंग यांच्या शेजारच्या डब्यातून दुकानदार ते कागदाच्या पुडीत बांधून देतो. ग्रंथांमध्ये याचे नाव विडंग आहे; आपल्या घरांत ते वावडिंग म्हणून ओळखले जाते.

नाशिककरांच्या कित्येक पिढ्या लहानपणी वावडिंग घालून उकळलेले दूध किंवा पाणी पिऊन वाढल्या. पोटात जंत होऊ नयेत, वात धरू नये, दूध पचावे, एवढाच आजीचा हेतू असे. चरकसंहितेचे म्हणणे याहून वेगळे नाही. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात, कोणत्या कामासाठी कोणते द्रव्य सर्वांत श्रेष्ठ याची जी यादी येते, तिच्यात कृमी नाहीसे करणाऱ्या द्रव्यांमध्ये विडंगाला पहिला मान दिलेला आहे. सुश्रुतांनी त्याचा रसायन, म्हणजे बळ आणि आयुष्य वाढवणारे औषध, म्हणूनही विचार केला. विडंगारिष्ट तर त्याच्याच नावाने ओळखले जाते, आणि संजीवनी वटी, चंद्रप्रभा वटी, नवायस लोह या नेहमीच्या औषधांतही ते असते. फळातील एम्बेलिन हे नारिंगी रंगाचे द्रव्य त्याच्या कृमिनाशक गुणाशी जोडले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी साधे पाणीही देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते, आणि त्या काळात वावडिंगाचाही अपवाद करू नये. गर्भधारणा टाळण्याच्या जुन्या योगांमध्ये पिंपळी आणि टाकणखार यांच्या जोडीला विडंग येते. त्यामुळे गर्भवती स्त्रीने ते घेऊ नये.

आता नाशिक शहर मागे टाकून आपण दिंडोरीच्या वाटेला लागलो आहोत. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशा दोन वेळा येथील वेलीवर कात्री चालते. त्याखेरीज बागायतदार खोडाची सुटलेली साल खरवडून काढतो, खोडकिड्याची छिद्रे शोधतो आणि मोरचूद व चुना यांची बोर्डो पेस्ट ब्रशने खोडाला लावतो. आधी धारदार हत्याराने शुद्धी, मग जखमेवर लेप. हा क्रम या बागेतल्या कोणालाही शिकवावा लागत नाही.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेद नावाचा एक अध्याय आहे, आणि त्यात आजारी झाडावरच्या उपचाराचा क्रम नेमका हाच आहे. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे झाडाला रोग होतो. मग पाने फिकट पडतात, कोंब वाढत नाहीत, फांद्या वाळतात आणि खोडातून रस गळू लागतो, अशी लक्षणे आधी सांगितलेली आहेत. त्यानंतर चिकित्सा येते : रोगट भाग प्रथम शस्त्राने साफ करावा, मग विडंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी शिंपावे. त्याच अध्यायात रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावताना मुळांपासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, विडंग, दूध आणि शेण यांचा लेप सांगितला आहे. उपटलेल्या झाडाच्या मुळांना इजा होते आणि त्या इजेतून कीड शिरते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले असेल, त्यालाच या मिश्रणात विडंग घालावेसे वाटले असणार.

पुढे सुरपालांच्या वृक्षायुर्वेद याच नावाच्या स्वतंत्र ग्रंथात ही दृष्टी अधिक विस्ताराने येते. माणसाप्रमाणेच झाडालाही वात, पित्त आणि कफ यांच्या बिघाडाने रोग होतात, असे ते मानतात. किड्यांनी केलेल्या जखमेवर ते विडंग, तीळ, गोमूत्र, तूप आणि मोहरी यांचा लेप देऊन वर दूध शिंपायला सांगतात. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. य. ल. नेने यांच्या पुढाकाराने तिची नक्कल भारतात आली आणि नलिनी साधले यांनी केलेले ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाळाच्या पोटातला जंत आणि झाडाच्या खोडातली अळी या दोहोंना संस्कृतात कृमी हा एकच शब्द आहे. आम्हांला वाटते, विडंग घराच्या फडताळातून बागेच्या बांधावर पोहोचले ते याच शब्दाच्या वाटेने. वैद्याने पोटाविषयी जे जाणले होते, ते माळ्याने खोडावर करून पाहिले.

म्हणून बोर्डो पेस्ट आजच टाकून द्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. विडंगाच्या लेपाची बाजू घ्यायची असेल, तर तो काही वेलींना लावून आणि शेजारच्या काही वेलींना न लावता, हंगामामागून हंगाम त्यांची तुलना करावी लागेल. ज्याच्याशी राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये संलग्न आहेत ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे, आणि छाटणीची कात्री हातात असलेला जाणता बागायतदारही याच जिल्ह्यात आहे. या दोघांनी एकत्र यावे, ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

पण त्याआधी हाती आलेले वावडिंग खरे असायला हवे, आणि खरी अडचण तेथेच आहे. विडंग हा झाडांवर चढणारा मोठा काष्ठमय वेल आहे. त्याची पाने चकचकीत असतात आणि हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके फांद्यांच्या शेंड्याला येतात. नाशिकच्या पश्चिमेला दिसणाऱ्या याच सह्याद्रीच्या रांगेत, दक्षिणेकडच्या दाट, ओलसर सदाहरित रानांत तो वाढतो. जंगलातून वर्षानुवर्षे फळे ओरबाडली गेल्याने तो दुर्मीळ होत चालला आहे. बियांपासून रोपे सहज होत नाहीत, त्यामुळे लागवडही मागे पडते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्याच्या ३२ वनस्पतींमध्ये त्याचा समावेश केला आहे. मागणी मात्र थांबलेली नाही, आणि ती त्याच्या जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या वनस्पतीच्या फळांनी, तर कधी अटकी नावाच्या झुडपाच्या फळांनी भागवली जाते.

अटकीची भेसळ ओळखणे घरीही शक्य आहे. पुडीतले एक फळ घ्यावे आणि बत्त्याने हलकेच फोडावे. अटकीच्या फळातून बारीक बियांचा चुरा बाहेर पडतो. वावडिंगाच्या फळात एकच बी असते, तांबूस आणि ठिपकेदार. त्या ठिपक्यांवरूनच जुन्या वैद्यांनी त्याला चित्रतंडुल म्हटले. जवळच्या नात्यातल्या त्या दुसऱ्या वनस्पतीच्या फळातही एकच बी असते, म्हणून तेथे ही खूण पुरत नाही आणि जाणकाराकडे जावे लागते. दुकानाच्या फळीवर उभ्या उभ्या आमच्यासमोर फोडलेले हे फळ आपण पाहत आहात. त्यात बी एकच आहे.